उणे करणारे शब्द

इंग्रजीतल्या 'डेरोगेशन' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कायद्यात त्याचा अर्थ हक्काला तात्पुरती मुरड घालणे, रोजच्या बोलण्यात हिणवणे. उर्दूत हिणवण्याला 'तहकीर' म्हणतात, म्हणजे समोरच्याला हकीर, क्षुद्र ठरवणे. मराठीतले 'उणे करणे' दोन्ही अर्थांना पुरते.

मात्र कायदा उणे करतो तेव्हा हद्द आखून करतो. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करता येते; पण त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो, तो संसदेपुढे ठेवावा लागतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २० व २१ ला तर हातच लावता येत नाही. समाजाच्या हिणवण्याला ना आदेश लागतो, ना मुदत असते.

दोन प्रकरणे पाहू. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सुनावणीत बंगळूरच्या मुस्लिमबहुल वस्तीला 'पाकिस्तान' म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केल्यावर प्रकरण मिटले. पण भारताच्या कुठल्याही भागाला पाकिस्तान म्हणणे देशाच्या अखंडतेविरुद्ध आहे, असे न्यायालयाने बजावले.

दुसरे प्रकरण झारखंडचे. एका सरकारी उर्दू अनुवादकाला कामावर असताना 'मियाँ-तियाँ', 'पाकिस्तानी' म्हटल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने म्हटले, हे बोलणे अभिरुचीहीन खरे. पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा त्याने होत नाही. आरोपी आरोपमुक्त झाला.

कायद्याच्या नजरेने यात विसंगती नाही. पहिला प्रश्न न्यायाधीशाने कसे बोलावे याचा, दुसरा गुन्हा घडला की नाही याचा. शब्दाशब्दाला तुरुंग दाखवू लागलो तर उद्या लेखकाचीच जीभ बांधली जाईल. तरीही सल उरतो. जमिनीला परके म्हणणे अखंडतेचा प्रश्न ठरतो, तिच्यावर राहणाऱ्या माणसाला परके म्हणणे अभिरुचीचा.

खरे तर 'पाकिस्तानी' म्हणणारा माणसाचा धर्म काढून घेत नाही, त्याचे इथले असणे काढून घेतो. धार्मिक भावनेचे माप लावून ही हानी मोजता येत नाही. ती मोजणे साहित्याचे काम आहे. आपल्या कथेत अशी शिवी येते, वाचक हळहळतो आणि कथा पुढे सरकते. एवढ्याने भागणार नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत कसा जातो, शेजारच्या टेबलावरचे कोण गप्प बसते, घरी मुलाने विचारले तर तो काय सांगतो, हे आपल्या लेखकांनी लिहायला हवे.