गुणवत्ता, मुलाखत आणि निकषांचा प्रश्न

दलित साहित्याने मराठी समीक्षेत जो पहिला मूलभूत वाद उभा केला, तो एखाद्या कलाकृतीविषयी नव्हता. तो निकषांविषयी होता. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने आली तेव्हा अनुभवाची दाहकता मान्य करून कलात्मकतेचे गुण कापण्याची एक रीत प्रस्थापितांनी काढली. त्यावर आपला सवाल होता : हे निकष ठरविले कुणी, आणि लावणारा कोण? हा सवाल साहित्यापुरता ठेवण्याचे कारण नाही. 'गुणवत्ता' हा शब्द आज जेथे सर्वात निर्धास्तपणे उच्चारला जातो, त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तांत्रिक मुलाखतीलाही तो विचारला पाहिजे.

पनवेलच्या तरुणाला हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण, ठाणे या तालुक्यांतील शेतजमिनी नव्या शहराखाली गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. लढा न्याय्यच होता. परंतु भूखंड मिळतो तो गेलेल्या जमिनीच्या बदल्यात. ज्याच्या बापाच्या नावे सातबाराच नव्हता, त्या भूमिहीनाने या नव्या शहराकडून काय घ्यावे? त्याने मुलाला इंजिनिअर केले. तो मुलगा आज पनवेलहून ठाण्याची लोकल पकडून घणसोली, रबाळे, ऐरोलीच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवतो. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. पदवी आणि पगार यांच्यामध्ये एकच दरवाजा आहे, तो मुलाखतीचा.

या मुलाखतीची रीत ठरलेली आहे. आधी संगणकावर चाचणी. मग एक-दोन अभियंत्यांसमोर बसून एखादे कोडे सोडवायचे. फळ्यावर किंवा पडद्यावर प्रोग्राम लिहायचा आणि लिहिताना आपला विचार मोठ्याने बोलून दाखवायचा. शेवटी मनुष्यबळ विभागाची फेरी. समर्थक म्हणतात, यंत्राला जात कळत नाही. प्रोग्राम चालतो किंवा चालत नाही.

हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे पाठविले असता, पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची दलित नावाची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश आढळली. उलट, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात ३१६० अर्ज पाठवून केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सॉफ्टवेअरच्या जागांसाठी असा भेद दिसला नाही. तो दिसला कॉल सेंटरच्या जागांसाठी, विशेषतः इतर मागासवर्गीय नावांबाबत आणि काही प्रमाणात अनुसूचित जातींच्या नावांबाबत. हे निष्कर्ष एकत्र वाचावेत. ज्या कामात कौशल्य तपासून घेता येते तेथे आडनावाचे वजन घटते. जेथे बोलणे, वळण, 'व्यक्तिमत्त्व' पाहिले जाते तेथे ते वाढते, असाच त्यांचा अर्थ लागतो. पण हे सारे अर्ज उघडण्यापर्यंतचे झाले. खोलीत समोरासमोर बसल्यावर काय होते?

खोलीत आडनावाला चेहरा येतो आणि उच्चारही येतो. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. काहींनी परीक्षकासमोर मोठ्याने बोलत प्रश्न सोडविला, काहींनी तोच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. परीक्षकासमोर बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. त्यांतील एकही स्त्री उत्तीर्ण झाली नाही. एकट्याने सोडविणाऱ्या सर्व स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. प्रश्न तोच होता, बदलली ती नजर. त्या प्रयोगात जात हा विषय नव्हता. परंतु परक्याच्या नजरेखाली जीभ का अडखळते, हे ज्याच्या घरात इंग्रजी बोलणारा तो स्वतःच पहिला आहे त्याला निराळे शिकवावे लागत नाही. असा मुलगा पडतो तेव्हा शेरा मिळतो 'विचार स्पष्ट नाहीत'. वास्तविक तपासली गेलेली असते त्याची निर्भयता. आणि निर्भयता ही या देशात वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता आहे.

पुढे मनुष्यबळाची फेरी. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांच्या २००७ सालच्या अभ्यासात दिल्लीतील मनुष्यबळ अधिकारी कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रश्न सहज आणि निरागसपणे विचारतात असे आढळले. वडील काय करतात? लहानपण कुठे गेले? याची प्रामाणिक उत्तरे दिली की जातीचा दाखला न मागता हाती पडतो. प्रोग्राम चालला की नाही, याच्याशी त्या उत्तरांचा संबंध काय?

ही शंका आपलीच आहे असे नाही. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात ती सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत घराण्याचे, राहण्याच्या ठिकाणाचे प्रश्न विचारल्याची तक्रार होती. न्यायालयाने तोंडी परीक्षेचे हे प्रमाण अवाजवी ठरविले, पंधरा टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचविले. केंद्र शासनाने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. खाजगी कंपनीवर मात्र यातले काहीच बंधन नाही. तेथे गुणपत्रिका उमेदवाराला दिसत नाही, कारण विचारता येत नाही, अपील तर नाहीच.

मग मुलाखतच नको काय? अशी मागणी आपल्या हिताची नाही. मुलाखत गेली तर तिच्या जागी न्याय येणार नाही. महाविद्यालयाचे नाव आणि आतल्या माणसाची शिफारस येईल, आणि आपली माणसे आत आहेत किती? शिवाय परीक्षा मात्र घट्ट हवी, हे संशोधनही सांगते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेली गुणदान पद्धत असलेली मुलाखत कामाचा अंदाज बांधण्यात अग्रभागी आढळली. मोकळ्या गप्पांची मुलाखत फार मागे राहिली. म्हणजे न्यायाची मागणी आणि कार्यक्षमतेची मागणी येथे परस्परविरोधी नाहीत. 'आरक्षणवाद्यांना गुणवत्ता नको' या नेहमीच्या आरोपाला हे उत्तर पुरेसे आहे.

तेव्हा मागणी नेमकी असावी. प्रत्यक्ष कामासारखे काम द्या आणि ते उमेदवाराला एकट्याने करू द्या. प्रश्न व गुण आधी लिहून ठेवा. प्रत्येक परीक्षकाने आपसात बोलण्यापूर्वी आपले गुण नोंदवावेत. घराण्याचा प्रश्न वगळा. नाकारलेल्याला कारण लेखी द्या.

दलित समीक्षेने 'निकष नकोत' असे कधी म्हटले नाही. निकष उघड करा, त्यांची चिकित्सा होऊ द्या, एवढेच तिने म्हटले. कंपन्यांनाही आपण तेच सांगत आहोत. ज्या परीक्षेची नोंद नाही, तिच्यातून निघालेल्या गुणवत्तेवर विश्वास ठेवण्याचे बंधन आपल्यावर नाही.