फोनमध्ये आधीच असणं

पुस्तकांची, सिनेमांची समीक्षा आपण आवडीने वाचतो. कीबोर्डची कुणी करत नाही, जरी दिवसभर आपला हात त्यावरच असतो. म्हणून आज ‘स्वरचक्र’बद्दल.

आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने हा मोफत कीबोर्ड तयार केला. २०१३च्या सुमारास तो अँड्रॉइडवर आला. शाळेतल्या तक्त्यासारखी व्यंजनं वर्गवार मांडलेली. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हव्या त्या दिशेला बोट सरकवून सोडायचं. पाय मोडून ‘क्’ घेतला, तर सगळा कीबोर्डच जोडाक्षरं दाखवू लागतो.

डेव्हलपर म्हणून मला यातली आवडलेली गोष्ट ही, की लिपीचा नियम हाच इथे इंटरफेस आहे. बाराखडी येते? मग शिकायचं फार थोडं उरतं. जीबोर्डमध्ये देवनागरी मांडणीही मिळते, पण माझे मित्र रोमन अक्षरं टाकूनच मराठी लिहितात. तिथे ‘न’ आणि ‘ण’ या दोघांसाठी एकच रोमन अक्षर, आणि ‘पाणी’ की ‘पानी’ याचा अंदाज मशीन बांधतं.

दोष आहेतच. प्रत्येक मात्रेसाठी बोट सरकवावं लागतं. दोन अंगठ्यांनी भराभर टाइप करणाऱ्याला सुरुवातीला हे संथ वाटतं, आणि अंगठ्याखाली चक्राचा थोडा भाग झाकला जातो.

पण इथे नाशिकमध्ये माझ्या ओळखीत तो फारसा कुणी वापरत नाही, त्याचं कारण हे दोष नाहीत. कॉलेज रोडवरची मित्रमंडळी रोमनमध्ये लिहितात, द्राक्षबागा असलेले काका व्हॉइस नोट पाठवतात. त्यांनी हा कीबोर्ड नाकारलेला नाही, तो त्यांच्यासमोर आलाच नाही.

बाहेरचा कीबोर्ड घ्यायचा, तर आधी त्याचं नाव माहीत हवं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन तो चालू करायचा. तिथे अँड्रॉइड इशारा देतं: हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकतो. इशारा रास्तच आहे. पण फोनसोबत आलेल्या कीबोर्डलाही तेच सगळं दिसतं, आणि त्याच्याबद्दल इशारा येत नाही. तो घरचा!

शिवाय प्ले स्टोअरचा नियम असा, की ॲप नव्या अँड्रॉइडच्या फार मागे राहिलं तर नव्या फोनवाल्यांना ते दिसेनासं होतं. म्हणजे ॲप एकदा चांगलं बनवून भागत नाही. नुसतं दिसत राहण्यासाठी काम करत राहावं लागतं, आणि मोफत ॲपला त्या कामाचे पैसे कुठून येणार?

स्वतःचं प्रॉडक्ट काढणाऱ्या आम्हा पोरांना सतत सांगितलं जातं, ‘चांगलं बनवा, लोक येतील.’ स्वरचक्र पाहिल्यावर मला हे पटत नाही. चांगलं बनवणं आणि लोकांसमोर पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात फोनसोबत येणारा आधीच जिंकलेला असतो.

यात तोटा कुणाचा? माझा नाही, मला इंग्रजी येतं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंना रोमनमधून मराठी लिहिणं म्हणजे आधी दुसरी लिपी शिकणं. स्वरचक्राची रचना त्यांना येणाऱ्या बाराखडीवरच उभी आहे. प्ले स्टोअरवर त्या ते कधी शोधणार नाहीत. घरातल्या कुणीतरी दहा मिनिटं शेजारी बसून दाखवलं, तरच ते त्यांच्यापर्यंत पोचेल.