सेन्सर कुठे टांगला होता?

समजा, एखादा स्टार्टअप सांगतो, ‘आमच्या रंगाने पत्रा दहा अंशांनी थंड होतो.’ अनुदान देणारे खूश. तुम्ही मात्र विचारा: पत्रा थंड झाला, पण खाली झोपणाऱ्याचं काय?

पुण्याचं तापमान म्हणून आपण वाचतो तो आकडा शिवाजीनगर वेधशाळेतल्या हवेशीर पेटीतला, सावलीतला. पर्वतीच्या जनता वसाहतीतलं कुटुंब त्या पेटीत राहत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो, हे खरंच. पण रात्री कोंडलेली हवा, दमटपणा, स्वयंपाकाची ऊब?

आकडा आणि प्रत्यक्षातला उकाडा जुळला नाही की काय होतं, ते विम्यात दिसलं. 2023 मध्ये गुजरातेत ‘सेवा’च्या सुमारे 21,000 कष्टकरी महिलांचा उष्णता-विमा काढला. ठरलेली तापमानाची पातळी गाठली गेली नाही, म्हणून भरपाई नाही. उकाडा तर होताच! 2024 मध्ये योजनेची रचना बदलावी लागली.

स्टार्टअपना पैसे जरूर मिळावेत. पण प्रपोजल लिहिताना आधी ठरवा: सेन्सर पत्र्यावर लावायचा की अंथरुणाजवळ? आणि पावसाळ्यानंतर रंगाचा दुसरा हात कोण मारणार, घरमालक की भाडेकरू? ज्या पायलटकडे याचं उत्तर नाही, त्याला अजून उपाय म्हणू नका.