‘चोरी’ या शब्दाची झडती: बिल गेट्स यांचं पत्र पुन्हा वाचताना

आज ज्याची चिकित्सा करायची तो मजकूर जेमतेम एका पानाचा आहे. ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख टाकून वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना लिहिलेलं हे जाहीर पत्र. अल्टेअर नावाच्या यंत्रासाठी त्यांनी आणि पॉल ॲलन यांनी सहकाऱ्याच्या मदतीनं बेसिकची आवृत्ती तयार केली होती. लोक तिच्या छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या नकला काढून वाटत सुटले. पत्राची तक्रार अशी: यंत्र घेणाऱ्यांतल्या १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, आमच्या मेहनतीचे तासाला २ डॉलरही सुटत नाहीत, आणि तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता.

पत्र धारदार आहे, प्रश्नच नाही. पण त्यात दोन युक्तिवाद एकमेकांत गुंतवलेत, ते सोडवून पाहायला हवेत.

एक श्रमाचा. जॉन लॉकपासून चालत आलेला: ज्यात माझे कष्ट मिसळले ते माझं. ठीक. पण त्याच पत्रात ४० हजार डॉलरहून अधिक किमतीचा कॉम्प्युटर-वेळ खर्ची पडल्याचा हिशेब मांडलाय. ते यंत्र कुणाचं? हार्वर्डचं. आणि बेसिक ही भाषा? डार्टमथच्या केमेनी आणि कर्ट्झ यांची, १९६४ची. म्हणजे यांच्या कष्टांत आधीच बरंच सार्वजनिक मिसळलेलं होतं. कष्ट खोटे ठरत नाहीत, पण ‘सगळं माझं’ हा निष्कर्ष लंगडा पडतो.

दुसरा परिणामाचा: पैसे मिळाले नाहीत तर चांगलं सॉफ्टवेअर लिहील कोण? हे भाकीत आहे, आणि भाकीत तपासता येतं. त्याच वर्षी ली-चेन वांग यांनी टायनी बेसिकची आपली आवृत्ती नक्कल करण्याच्या खुल्या परवानगीसह दिली. टॉम पिटमन यांनी आपली ५ डॉलरला विकली. पुढे लिनक्सचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

आता नकला काढणाऱ्यांची बाजू. ‘मूळ प्रत तर तुमच्यापाशीच राहिली, मग चोरी कसली?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. तो दिसतो तितका बिनतोड नाही. आपल्याकडे जैन विचारात चोरीला अदत्तादान म्हटलंय, म्हणजे न दिलेलं घेणं. या व्याख्येत मालकाचं काय कमी झालं याचा हिशेबच नाही. घेणाऱ्यानं दिल्याशिवाय घेतलं, एवढं पुरे. मला ही व्याख्या लॉकपेक्षा जास्त पटते, आणि ती नकलाकारांना सोडत नाही.

पण मग ती देणाऱ्यालाही सोडत नाही! १९९८ साली हेच गेट्स विद्यार्थ्यांसमोर चीनबद्दल बोलताना म्हणाले, त्याचा आशय असा: लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरोत, सवय लागेल, वसुलीचं पुढच्या दशकात बघू. १९७६मध्ये जे पाप होतं ते बावीस वर्षांत बाजारपेठेची मशागत झालं. अशा वस्तूला ‘अदत्त’ म्हणायचं की अर्धी-दत्त? आपल्याकडे असेंबल्ड कॉम्प्युटर घेताना कुणी ‘विंडोज चोरून द्या’ म्हणालं नाही, ‘विंडोज टाकून द्या’ म्हणाले. भाषेत चोरीची जाणीवच नव्हती. ती नसणं विकणाऱ्यालाही सोयीचं होतं, असं माझं मत.

कुलूप आलं ते २००१मध्ये. विंडोज एक्सपी घरी घेतलं की ३० दिवसांत ॲक्टिव्हेशन करायचं. मोठ्या कंपन्यांच्या घाऊक परवान्यांना मात्र ही अट नव्हती. आणि बाजारात येण्याआधीच फुटली ती नेमकी अशीच एक घाऊक किल्ली. गंमत बघा, पैसे मोजून घेणारा यंत्राचे भाग बदलले की पुन्हा ॲक्टिव्हेशनच्या फेऱ्यात अडकू शकायचा, आणि फुटक्या किल्लीवाला मजेत. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक १ने ती किल्ली अडवली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या कुलपाचा जाच प्रामाणिकालाच जास्त, त्याला नैतिक साधन म्हणवत नाही. त्याला वसुलीचं साधन म्हणावं.

कायदा इथे पत्रापेक्षा शहाणा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये कलम ६५अ आलं. नुसतं कुलूप तोडलं म्हणून ते शिक्षा सांगत नाही, हक्कभंगाचा हेतू मागतं. अमेरिकेचा १९९८चा कायदा, अपवाद वगळता, तोडण्यालाच दोषी धरतो. पण आपलंच कलम ६३ब पाहा. बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस कैद, किमान ५० हजार दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय सूट देऊ शकतं. म्हणजे ‘कशासाठी’ हा प्रश्न कायद्यानं उघडा ठेवलाय. १९७६च्या पत्रात तो फक्त नकला विकणाऱ्यांपुरता डोकावतो. नकला विकणाऱ्यांना ते वेगळं काढतं, पण शिकण्यासाठी पट्टी नेणाऱ्या मुलालाही तिथे ‘चोरी’ हाच शब्द आहे.