न पाहिलेल्या प्रसंगाचं संगीत

 

सुरुवातीला एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. लायब्ररी संगीत करतो म्हणाला. मला वाटलं ग्रंथालयाशी काहीतरी संबंध असेल. तसं नव्हतं. हा मुलगा घरात बसून दोन-दोन मिनिटांचे वाद्यसंगीताचे तुकडे तयार करतो, त्यांना 'उदास', 'उत्साही', 'ग्रामीण सकाळ', 'ऐतिहासिक' अशी लेबलं लावतो आणि एका साठ्यात ठेवून देतो. जाहिरातवाला, माहितीपटवाला, लग्नाचे व्हिडिओ करणारा, ज्याला जे हवं ते तो पैसे भरून उचलतो. आपला तुकडा कुठल्या चित्राखाली वाजणार आहे, ते करणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याने मला तीन तुकडे ऐकवले. मी म्हणालो, "हे संगीत नव्हे रे, हा भिंतीचा रंग आहे." तो काही बोलला नाही. चहा प्यायला आणि गेला.

माझं ते वाक्य चुकीचं होतं असं आज मला वाटतं. म्हणजे तुकडे चांगले होते असं नाही म्हणत मी. दोन वाईटच होते. पण मी जे कारण दिलं ते चूक होतं, आणि टीकाकाराने चुकीचं कारण देणं हे चुकीच्या निकालापेक्षा वाईट. त्या मुलाची परवानगी घेऊन आज त्याच तीन तुकड्यांबद्दल बोलणार आहे. संगीतातला माझा अधिकार फक्त ऐकणाऱ्याचा, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी माझं ते वाक्य कुठून आलं ते बघू. आम्ही तत्त्वज्ञानवाले कॉलिंगवुड वाचून मोठे झालो. 1938 च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट'मध्ये तो कारागिरी आणि कला वेगळी करतो. कारागिराला शेवट आधी माहीत असतो. कुंभाराला ठाऊक असतं की माठात पाणी राहायचंय. कलावंताला आपण काय म्हणणार आहोत ते म्हणून होईपर्यंत नीट कळलेलं नसतं. या हिशेबाने त्या मुलाचं काम कारागिरी, म्हणून मी हात झटकले. आता गंमत बघा. त्या मुलाला शेवट माहीत आहे का? नाहीच! माठात पाणी ठेवणार, धान्य ठेवणार की कुणी तो पालथा घालून त्यावर ठेका धरणार, याचा त्याला पत्ताच नाही. म्हणजे कॉलिंगवुडच्या दोन्ही खणांत हा बसत नाही. तो प्रसंगासाठी संगीत करतो, पण प्रसंग त्याच्यासमोर नाही.

हा प्रकार आजचाही नव्हे. मूकपटांच्या काळात, 1919 मध्ये, बर्लिनमध्ये जुझेप्पे बेचे या संगीतकाराने 'किनोथेक' नावाने भावप्रसंगांनुसार तुकड्यांचे संग्रह काढायला सुरुवात केली. पाठलाग आला की हा तुकडा, वादळ आलं की तो. ब्रिटनमध्ये 1972 पासून 'मास्टरमाइंड' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागतो. त्याची ती धडकी भरवणारी धून नील रिचर्डसनने त्या कार्यक्रमासाठी केलेलीच नाही. ती साठ्यातली होती. आणि आपल्याकडे? 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, त्यातली बरीच पदं आधीच लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर बांधलेली होती. नाटकाच्या जुन्या पुस्तकात पदावर 'चाल: अमुक' असं छापलेलं असायचं, आठवतं ना? ती चालसुद्धा साठ्यातलीच. तेव्हा साठा हा काही दोष नव्हे.

आता पहिला तुकडा. लेबल 'ऐतिहासिक, किल्ला, शौर्य'. पहिल्याच सेकंदाला मोठा ढोल, चौथ्याला तुतारी, दहाव्याला पुरुषांचा कोरस. ड्रोनने काढलेला शिवनेरीचा कुठलाही व्हिडिओ लावा, खाली हेच. माझी तक्रार आवाजाच्या मोठेपणाबद्दल नाही. हा तुकडा निष्कर्षापासून सुरू होतो, ही तक्रार आहे. शिवनेरी आपण चढतो कसा? एकामागून एक सात दरवाजे. प्रत्येक दरवाज्यापाशी वाट वळते, थोडं थांबावं लागतं, पुढचं दिसत नाही. वर पोचेपर्यंत गड आपल्याला हळूहळू मिळत जातो. या तुकड्यात गड पहिल्याच सेकंदाला मिळून जातो आणि उरलेला वेळ नुसता आरडाओरडा. व्यवहाराच्या बाजूनेही हे वाईट. संकलकाला साधारणपणे असा तुकडा हवा असतो, ज्याचे टप्पे आहेत, ज्यात कापायला जागा आहे, जो तीस सेकंदांतही पुरा वाटतो आणि साठातही. इथे कापायचं कुठे? सगळंच शिखर.

शिवाय त्यावर कुणीतरी बोलणार आहे, हे तो विसरला. माणसाचं बोलणं स्पष्ट कळायला साधारण 1000 ते 4000 हर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो, आणि तुतारीचा, सनईचा झणझणीतपणा नेमका तिथेच येऊन बसतो. मग निवेदक ओरडतो, तंत्रज्ञ संगीत खाली दाबतो, आणि दाबलेला ढोल म्हणजे शेजारच्या घरात कुणीतरी कुटतंय असं वाटतं.

इथे मला ढोलकीवाल्याकडे जाऊ द्या. नारायणगावात बसून हे बोलायचं आणि तमाशाचं नाव घ्यायचं नाही, हे बरं नव्हे. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी ठरवायला येतात. मी लहानपणापासून हे पाहिलंय. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग, यात ढोलकीवाल्याचं काम दर घटकेला बदलतं. सुरुवातीला ढोलकी-हलगीची जुगलबंदी असते ती माणसं तंबूत ओढायला; तिथे तो मालक. लावणीत तो पायांच्या मागे. पण बतावणीत बघा. सोंगाड्या बोलतोय, बोलतोय, आणि ढोलकीवाला नुसता बसलाय. विनोद पडला की एक थाप. एकच. आणि हात चामड्यावर दाबून धरतो, कारण आता लोक हसणार आहेत आणि त्या हसण्यात त्याला वाजवायचं नाहीये. भास्कर चंदावरकरांनी 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'ला संगीत दिलं, तेही रंगमंचावर काय चाललंय याच्याशी असंच बांधलेलं होतं. हे संगीत दुय्यम आहे का? मला आता तसं म्हणवत नाही. मात्र एक गोष्ट बोचते. विठाबाई नारायणगावकरांचं नाव सगळ्यांना ठाऊक. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्या नावाने आहे आणि ते योग्यच. पण मी इतकी वर्षं ज्यांच्या थापेवर हसलो, त्या ढोलकीवाल्यांपैकी एकाचंही नाव मला आत्ता सांगता येत नाही.

फरक इतकाच की ढोलकीवाल्यासमोर सोंगाड्या आहे. आपल्या मुलासमोर कुणी नाही. त्याला न ऐकलेल्या विनोदासाठी जागा सोडायची आहे. ही सोपी गोष्ट नाही, आणि सुधारणा व्हायची ती इथेच.

तिसरा तुकडा आधी घेतो, कारण तो बरा आहे. लेबल 'उदास'. सारंगीसारखा एक आवाज, खाली अगदी थोडी पेटी. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला सारंगी मध्येच थांबते, चारेक सेकंद फक्त पेटीचा एक सूर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, याला पुढे काही सुचलेलं नाही. आता वाटतं, त्याने दार उघडं ठेवलंय. तिथे कुणाचंही वाक्य येऊ शकतं.

कुणाचंही, आणि इथेच माझी खरी अडचण आहे. हाच तुकडा उद्या कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यावरच्या माहितीपटाखाली वाजेल, आणि परवा विम्याच्या जाहिरातीखाली. कुणाच्या दुःखावर हात ठेवतोय हे माहीत नसताना दुःखाचे सूर लावायचे, यात काही खोटं आहे का? मी याचा बराच विचार केला. आपल्या परंपरेत चाल फिरतच आलेली आहे. लावणीची चाल कीर्तनात गेली. सत्यशोधक जलशांनी तर तमाशाचा सगळा घाट उचलला आणि त्यात वेगळाच आशय भरला. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण तिथे चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, नवा माणूस ती आपल्या श्वासाने पुन्हा गायला. इथे फाइल जशीच्या तशी जाते. त्यामुळे दुःख जितकं सर्वसाधारण, तितकं ते खोटं होण्याची शक्यता जास्त, आणि जितकं एखाद्या विशिष्ट ठिकाणाहून, विशिष्ट हातातून आलेलं, तितकं ते परक्या प्रसंगातही टिकतं. हे उलटं वाटेल. पण 'सगळ्यांना चालेल' म्हणून केलेलं संगीत कुणालाच नीट बसत नाही, शिवून ठेवलेल्या एकाच मापाच्या सदऱ्यासारखं.

म्हणून दुसरा तुकडा शेवटी ठेवला. 'ग्रामीण सकाळ'. बासरी आहेच, ग्रामीण सकाळ म्हटलं की बासरी, जणू आपल्याकडे सकाळी टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले पिकअप धावतच नाहीत. पण बासरीच्या खाली त्याने एक तुणतुणं ठेवलंय. मी विचारलं, हे कुठून आणलंस? म्हणाला, गावातल्या एका म्हाताऱ्या साथीदाराकडून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. छान! मग ते इतकं गुळगुळीत का लागतंय? तर म्हणाला, "सर, त्यांची तार उतरत होती, म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये सूर सरळ केला."

अरे, त्या तुकड्यात तेवढीच एक गोष्ट कुठून तरी आलेली होती, आणि तीच त्याने धुऊन काढली. तुणतुण्याला तार एक. ती ताणताना, वाजवताना सूर जरा हलतो, वाजवणारा बोटाने खुंटी सावरतो, पुन्हा हलतो. तो हलणारा सूर म्हणजे त्या म्हाताऱ्याचा हात आहे. बासरी काढून टाकली असती तर चाललं असतं. आणि हो, त्या साथीदाराला पैसे दिलेस का, हेही मी विचारलं. दिले नव्हते. आता दिलेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा बऱ्यापैकी राखतो, म्हणून करार सही करण्याआधी वाच, असं मी त्याला सांगत होतो. आणि त्याच वेळी त्याच्या तुकड्यात एक माणूस बिनकराराचा, बिननावाचा वाजवत होता. कलावंतांच्या यादीत आता ते नाव आलंय. इथे मी ते घेत नाही, त्यांना गाजावाजा नको आहे.

मुलगा आज इथेच आहे, मागच्या रांगेत. त्याने मूळ रेकॉर्डिंग पुसलेलं नाही, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. सूर सरळ करण्याआधीचं, मागे कोंबडा आणि कुणाचं तरी खोकणं असलेलं. साधारण दीड मिनिट आहे. साउंडवाल्या दादा, तो लावा जरा. पंखे बंद करता आले तर बघा, तार बारीक आहे.