‘स्मार्ट’ काठीची परीक्षा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत गेली काही वर्षे एक प्रकल्प हमखास दिसतो : ‘अंधांसाठी स्मार्ट काठी’. प्लास्टिकची नळी, तिच्या टोकाशी श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक, आर्डुइनो, बॅटरी आणि एक बझर. समोर हात धरला की बझर वाजतो आणि परीक्षक शेरा देतात, ‘समाजोपयोगी’. मुलांची मेहनत खरी असते, जोडणीही बहुधा बरोबर असते. आमचा आक्षेप आहे तो या शेऱ्याला.

कारण साधी पांढरी काठी काय करते, हे या प्रकल्पांत कोणी पाहिलेलेच नसते. रिचर्ड हूव्हर यांनी 1944 मध्ये अमेरिकेत, युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी काठी वापरण्याची एक पद्धत बसवली. लांब काठी डावी-उजवीकडे फिरवायची आणि पाऊल पडण्यापूर्वी ती जागा टोकाने तपासायची. खड्डा, पायरी, उघडे गटार, माती की फरशी, हे सारे हाताला कळते. टोकाच्या टकटकीवरून जवळच्या भिंतीचाही अंदाज येतो. आणि या काठीला बॅटरी लागत नाही.

तिला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचे : झाडाची वाकलेली फांदी, खिडकीची उघडी झडप, ट्रकमधून मागे बाहेर आलेल्या सळया. यंत्राची गरज आहे ती इथे. प्रदर्शनातल्या काठीचा संवेदक मात्र बहुधा खाली बसवून समोर रोखलेला असतो. म्हणजे जे टोकाला कळणारच होते तेच तो पुन्हा सांगतो. फांदी त्याच्या टप्प्यात येत नाही. उघड्या गटारावरून तर प्रतिध्वनीच परत येत नाही, आणि बझरचे गप्प राहणे म्हणजे ‘रस्ता मोकळा’ असा अर्थ होतो!

यात भौतिकशास्त्रही आहे. या संवेदकाचा ध्वनी 40 किलोहर्ट्झचा, म्हणजे हवेत त्याची तरंगलांबी सुमारे 8.6 मिलिमीटर. तिच्या तुलनेत गुळगुळीत भिंत आरशासारखी वागते. भिंत तिरपी असेल तर ध्वनी दुसरीकडेच परावर्तित होतो आणि संवेदकाला काही कळत नाही. प्रदर्शनात हात नेहमी सरळ समोर धरतात, म्हणून ही उणीव उघडी पडत नाही. शिवाय रस्त्यावर अंध व्यक्तीचा मोठा आधार म्हणजे कान. बझर नेमका त्यावरच आक्रमण करतो.

तुलनेसाठी दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली ‘स्मार्टकेन’ पाहावी. 2005 च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेले हे काम 2014 मध्ये बाजारात आले. मधल्या काळात दृष्टिहीन व्यक्तींनी ती वापरून पाहिली. हे उपकरण नेहमीच्याच काठीच्या मुठीवर बसते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ते टिपते आणि सूचना देते ती कंपनांनी, त्यामुळे कान मोकळे राहतात. खड्डे शोधण्याचे काम त्याने काठीकडेच ठेवले आहे. यातला शहाणपणा आम्हाला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. मर्यादा त्यालाही आहेत. ते चार्ज करावे लागते, आणि सुरुवातीची सुमारे 3,000 रुपये ही किंमत साध्या काठीच्या कितीतरी पट होती.

मग शाळेत हा प्रकल्प करूच नये का? जरूर करावा, पण क्रम बदलून. संवेदक विकत आणण्यापूर्वी मुलांनी काठी वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीबरोबर, तिच्या संमतीने, गावातून एक फेरी मारावी आणि ती कुठे थांबते, का थांबते, याची नोंद करावी. डोळ्यांना पट्टी बांधून केलेली चाचणी याला पर्याय नाही. पट्टी बांधलेला मुलगा घाबरलेला नवशिका असतो, तर अंध व्यक्तीला वर्षांचा सराव असतो.

परीक्षकांनीही बझर वाजला की नाही एवढेच पाहू नये. ‘तुमची काठी कुठे फसते?’ हा प्रश्न विचारावा आणि ज्या गटाजवळ त्याचे मोजून काढलेले उत्तर असेल, त्याला अधिक गुण द्यावेत.