इश्क, वकिली आणि खेळकरपणा : भाऊसाहेब पाटणकरांच्या शायरीचा आस्वाद

हलक्याफुलक्या प्रेमसाहित्याविषयी मराठी समीक्षेने बहुधा दोनच भूमिका घेतल्या आहेत. एक तर ते रंजनाच्या खात्यात टाकून मोकळे व्हायचे, नाहीतर त्यात एखादा गंभीर आशय दडलेला आहे असे दाखवून त्याची सुटका करायची. दोन्हींत आनंद हा संकोचाचाच विषय ठरतो. यवतमाळचे वासुदेव वामन ऊर्फ भाऊसाहेब पाटणकर (१९०८-१९९७) यांच्या 'मराठी शायरी', 'मराठी मुशायरा', 'मैफिल', 'दोस्तहो', 'जिंदादिल' या संग्रहांसमोर या भूमिका सारख्याच अपुऱ्या पडतात. या शायरीचा वाचक, किंबहुना श्रोता, आधी हसतो. आपण का हसलो याचा विचार त्याला नंतर करावा लागतो.

हसू येते ते विसंगतीमुळे. व्यवसायाने वकील, छंदाने वाघाची शिकार करणारा, शब्दकळेत संस्कृत काव्याचे संस्कार वागवणारा हा वऱ्हाडी गृहस्थ मैफिलीत उभा राहतो आणि साकी, मदिरा, इश्क यांच्या दुनियेत शिरतो. ही दुनिया त्याच्या गावची नाही, त्याच्या काळाचीही नाही. तो तिचा पोशाख घालतो. कॅलिफोर्नियात १९६३ पासून भरू लागलेल्या 'रेनेसन्स' जत्रांत शाळामास्तर आणि कारकून एका दिवसापुरते सरदार किंवा समुद्री चाचे होतात, आणि त्या जत्रांवर बेतलेल्या हलक्या प्रेमकथांत काटेकोर माणसाची अवखळ माणसाशी गाठ पडते. मुशायऱ्यातील वकिलाचे रूपांतर याच जातीचे आहे. बाख्तिनच्या 'कार्निव्हल'ची आठवण येथे कोणाला होईल. परंतु ती जपून वापरावी. कार्निव्हलमध्ये उतरंड उलटी होते. मुशायऱ्यात काही उलटत नाही, प्रतिष्ठित माणसाला एका संध्याकाळची रजा मिळते एवढेच.

मात्र हा पोशाख सर्वस्वी उसना आहे काय? वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी निजामाच्या अमलाखाली होता, आणि कोर्टाची भाषा तर संपूर्ण महाराष्ट्रातच फारसी-अरबीच्या मुशीतून घडली. दावा, हक्क, अर्ज, कैफियत, खुद्द 'वकील' हा शब्दसुद्धा तेथूनच आला. इश्काचा शब्दकोश आणि पाटणकरांच्या रोजच्या धंद्याचा शब्दकोश सख्खे शेजारी आहेत. दिवसभर ज्या भाषेत फिर्याद मांडायची, तिच्याच शेजारच्या भाषेत संध्याकाळी प्रेमाची फिर्याद मांडायची, यात जितके वेषांतर आहे तितकीच घरवापसीही आहे.

त्यांच्या एका प्रसिद्ध रचनेत प्रियकर सांगतो की, फुले हसून 'ये' म्हणणार नसतील तर त्या बागेत तो पाऊल टाकणार नाही; भुंग्यासारखा सौंदर्यवेडा असला तरी इश्कात त्याने भिक्षुकी केलेली नाही. 'कुसुम' आणि 'भ्रमर' संस्कृत परंपरेतून आले आहेत, 'इश्क' दुसऱ्या परंपरेतून, आणि या दोघांच्या मध्ये अचानक 'भिक्षुकी' येऊन बसते. हा शब्द मराठी घराच्या ओसरीवरचा आहे. त्याला पळी-पंचपात्राचा आणि दक्षिणेचा वास आहे. उर्दू काव्यातला प्रेयसीच्या दाराशी लोळणारा आशिक एका शब्दात दक्षिणेसाठी ताटकळणारा भटजी होतो. विनोद येथे आहे, आणि नीतीही येथेच आहे, कारण नकार देण्याचा अधिकार फुलांना आहे हे या प्रियकराने निमूट मान्य केले आहे. संस्कृत काव्यातल्या भुंग्याने ते क्वचितच मान्य केले.

दुसरी रचना अधिक अवघड आहे. प्रेयसी आपल्याच दातांनी आपला ओठ चावते आणि प्रियकर तक्रार करतो की हा आमच्या हक्कावर आमच्यादेखत घाला आहे. श्रोते खदखदून हसतात. पण ओठ तिचा असताना हक्क याचा कसा, हा प्रश्न आजची विद्यार्थिनी विचारील, आणि तिने तो विचारलाच पाहिजे. 'वकिली थट्टा' म्हणून तो उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. या दाव्याला कोणत्याही कोर्टात आधार नाही हे वकिलाला पक्के ठाऊक आहे, आणि त्या जाणिवेवरच विनोद उभा आहे, हे खरे. तरीही बागेच्या रचनेत जो विचार होता तो येथे सैल पडला आहे, आणि आपण हसतो ते थोडे त्या सैलपणाच्या आश्रयाने. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून मानली. ती मानताना शृंगारातले कोणते पात्र हसते आणि कोणाच्या निमित्ताने हसते हे मात्र आपल्यालाच दर वेळी पाहावे लागते.

माधव जूलियनांनी 'गज्जलांजलि'त (१९३३) फारसीचे ऋण विद्वत्तेने आणले आणि पुढे ते स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. शेजारच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी 'एल्गार'मध्ये (१९८३) गझलेला सामाजिक धग दिली. पाटणकर या दोघांच्या मधल्या पायरीवर बसत नाहीत. त्यांना ऋणही फेडायचे नाही आणि रणशिंगही फुंकायचे नाही. मराठी गझलेच्या इतिहासात त्यांना अनेकदा एखाद्या परिच्छेदापुरतीच जागा मिळते, याचे कारण हेच असावे.

आणखी एक अडचण छापील पुस्तकाची. मुशायऱ्यात पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते, दाद येते, दुसरी ओळ रोखून धरली जाते. श्रोता मनात यमक जुळवू पाहतो आणि येणारा शब्द त्याला चकवतो. पानावर दोन्ही ओळी एकाच नजरेत दिसतात आणि चकवा आधीच फुटतो. म्हणून पाटणकर एका बैठकीत सलग वाचणाऱ्याला त्यांचा प्रियकर दहाव्या पानापाशी एकसुरी वाटू लागतो. त्यांचे पुस्तक उघडावे, एक रचना मोठ्याने म्हणावी, समोर कोणी असल्यास त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि दुसऱ्या ओळीआधी थोडे थांबावे.